एरीवरचा पाचवा खडा

एरी ग्लास, मॅन बेट
९ मार्च १९५३

गॉर्मल मरे यांना,

अक्षर पाहून दचकू नका. हे जोनीचं नाही, तिच्या नवऱ्याचं आहे. चव्वेचाळीस वर्षं दर नव्या वर्षाला तुमचं पत्र यायचं, ती मोठ्याने वाचायची आणि मी चुलीपाशी बसून हुं हुं करायचो. गेल्या ऑक्टोबरात ती गेली. छातीत कफ साठला आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं. कळवायला पाच महिने लागले, माफ करा. आमच्या बेटावर जो तो म्हणतो, ‘वेळ आहे की भरपूर.’ या एका वाक्याने आमची निम्मी कामं खाल्ली आहेत.

आता लिहायचं कारण. जोनीच्या कपाटात तुमची सगळी पत्रं दोरीने बांधलेली सापडली. त्यातल्या एकात तुम्ही लिहिलंय, ‘पुढच्या आठवड्यात गाय घेऊन आरीवर जाते.’ पुढच्या वर्षीच्या पत्रातही तेच. त्यापुढच्याही. तर ही आरी म्हणजे काय? आमच्या शेताचं नाव एरी ग्लास. ग्लास म्हणजे हिरवी, एवढं मला कळतं. एरीचा अर्थ माझ्या आजीलाही ठाऊक नव्हता, आणि तिला आमच्या मॅन भाषेशिवाय दुसरी भाषा येत नव्हती.

जंगल खात्याचा एक कारकून नकाशा घेऊन आला होता. म्हणाला, या नावाचा अर्थ काय? मी म्हटलं, नाव आहे, त्याला अर्थ कशाला? तुझं नाव काय? म्हणाला, स्मिथ. अर्थ? म्हणाला, लोहार. 

आमची भाषा बोलणारे आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. आमच्या खोऱ्यात मी धरून तिघे. एक ठार बहिरा आहे, आणि दुसऱ्याशी माझं बांधावरून वीस वर्षं बोलणं नाही. त्यामुळे मी कुत्र्याशी बोलतो. त्याला सगळं कळतं, पण एरी म्हणजे काय ते त्यालाही ठाऊक नाही.

इलियम कॉर्लेट

*

नेस, लुईस बेट, स्कॉटलंड
२० मार्च १९५३

अहो इलियम,

पत्र वाचून मी तशीच दारात बसून राहिले. जोनी गेली आणि मी इथे पाच महिने तिला जिवंत समजून तिच्यासाठी मोजे विणत होते! मोजे झालेत. आता तुम्हाला पाठवते, तुमचे पाय कितीही मोठे असले तरी.

ती कशी होती ते तुम्हाला मी काय सांगू. पण तुमच्या घरात येण्याआधीची, एकवीस वर्षांची जोनी मी पाहिली. १९०९ चा मोसम, तुमच्या पील बंदराचा धक्का, हेरिंगचे ढीग. मी आणि आयर्लंडच्या डोनेगॉलची नावला मासे चिरायचो, जोनी पिंपात मीठ घालून रचायची. पहिल्याच दिवशी माझी तीन बोटं कापली. मिठाने अशी आग झाली की मी आईच्या नावाने बोंब ठोकली. जोनीने आपला परकर फाडून माझ्या बोटांना चिंध्या बांधल्या आणि म्हणाली, “रड, पण हात चालू दे.” तेव्हापासून ती माझी.

आणि हो, तुमचा प्रश्न. तो चव्वेचाळीस वर्षं जुना आहे हे तुम्हाला माहीत नाही. एकदा संध्याकाळी मी खोलीत रडत होते. म्हटलं, माझी बहीण किर्स्ती आत्ता आरीवर साय खात असेल आणि मी इथे कोपरापर्यंत आतड्यांत. नावलाने मान वर केली. म्हणाली, आमच्या गावामागे डोंगर आहे, त्यालाच आम्ही आरी म्हणतो. तोवर जोनी पाव कापायची थांबली. म्हणाली, अगं, मी ज्या घरात लग्न होऊन जाणार आहे ना, त्याचं नाव एरी.

आम्ही तिघी एकमेकींकडे बघतच राहिलो. तीन बेटं, मध्ये एवढा समुद्र. एरवी एकीचं बोलणं दुसरीला निम्मं कळायचं नाही, खाणाखुणा करून मीठ मागायचो. आणि हा शब्द तिघींच्या आधीच तिन्हीकडे जाऊन बसलेला! माझ्या अंगावर काटा आला, तो आत्ता लिहितानाही येतोय. मग खालून घरमालकिणीने जेवायला हाक मारली आणि विषय तिथेच राहिला. मला वाटलं, जोनी तुम्हाला विचारेल. तिला वाटलं असेल, वेळ आहे की भरपूर.

तर आरी म्हणजे उन्हाळ्यात गुरं घेऊन राहायची डोंगरमाळावरची जागा. मे संपता संपता पेरणी झाली की गुरं गावाबाहेर काढायची, नाहीतर ती पीक खातात. पुरुष गावात राहतात. पोरी, बाया आणि गुरं वर जातात, सहा-सात आठवडे. तिथे समोरासमोर दोन दारांची दगडमातीची खोपटी असते, एक चूल, मागच्या भिंतीला लागून बसायझोपायचा ओटा, त्यावर हेदरच्या झुडपांचं अंथरूण, आणि भिंतीत दुधाची भांडी ठेवायला कोनाडे. वर छपराला काठ्या आणि गवताळ मातीची ढेपळं. परतताना काठ्या काढून आणायच्या, कारण आमच्याकडे झाड औषधालाही नाही. पुढच्या वर्षी पडलेल्या मातीवर पुन्हा तिथेच बांधायचं. असं करत करत जमीन फुगते. माझी आरी माझ्या आजीच्या आरीवर आहे, तिची तिच्या आजीच्या.

आता तुम्ही सांगा. तुमच्या डोंगरावर, दोन ओढे मिळतात तिथे, सगळा माळ तपकिरी असताना मध्येच हिरवेगार उंचवटे आहेत का? असले तर तुम्ही झोपडीच्या उशाशी राहून झोपडी शोधताय. फावडं घ्या आणि बघा.

मी मेअखेर जाणार आहे, नेहमीसारखी.

गॉर्मल

*

एरी ग्लास
६ एप्रिल १९५३

गॉर्मलबाई,

मोजे मिळाले. बरोबर बसले. आभारी आहे.

उंचवटे आहेत. अकरा. दोन ओढ्यांच्या मध्ये, तुम्ही म्हणता तसेच. पण आम्ही तिकडे जात नाही. माझे वडील जात नव्हते, गुरंही जाऊ देत नव्हते. ते मातीखाली राहणाऱ्या, न दिसणाऱ्या त्या मंडळींचं आहे. कोणती मंडळी ते मी कागदावर लिहिणार नाही, तुमच्याकडेही असतीलच. तिथे फावडं लावायचं नसतं.

डोंगर जंगल खात्याला द्यायचं बोलणं झालं आहे. नोव्हेंबरात हॉलंटाइडला जमिनीचे करार होतात, तेव्हा सही करीन. मग ते नांगर फिरवून स्प्रूसची झाडं लावतील. झालं ते बरंच झालं म्हणायचं.

कळवल्याबद्दल आभार. अर्थ कारकुनाला सांगितला. त्याने लिहून घेतला.

इलियम कॉर्लेट

*

नेस
१८ एप्रिल १९५३

इलियम कॉर्लेट,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा चिडले. आज शनिवार आहे. उद्या देवाचा वार, उद्या राग धरता येत नाही, म्हणून आजच सगळा काढून टाकते.

अकरा! माझ्या माळावर चार आहेत तर मी राणीसारखी मिरवते. तुम्हाला अकरा दिले देवाने, आणि तुम्ही त्यावर नांगर फिरवणार? आणि वर म्हणता, बरंच झालं? अहो, त्या कारकुनाने अर्थ लिहून घेतला म्हणे. कागदावर अर्थ राहील आणि डोंगरावर स्प्रूस. वा रे वा!

मंडळी म्हणे! आमच्याकडेही आहेत मंडळी, आमच्या टेकाडात राहतात, पण ती माझ्या आरीत कधी आली नाहीत. आत धूर एवढा असतो की त्यांचे डोळे चुरचुरतील. एकाहत्तर वर्षांचा बाप्या उंचवट्याला भितो, हे ऐकून जोनी पोट धरून हसली असती. मला वाटतं भीतीबिती काही नाही. जावई-मुलगी मागे लागले असतील, आणि आपल्या भाषेतल्या नावाची लाजही वाटत असेल. पुष्कळांना वाटते. आमच्यातले ग्लासगोला गेलेले दोन वर्षांत विसरतात आणि सुट्टीला येऊन नाकाने कांदे सोलतात.

राग आला तर येऊ दे. पत्र नाही आलं तर समजेन की आला.

गॉर्मल मरे

*

एरी ग्लास
२ जून १९५३

गॉर्मलबाई,

राग आला होता. सहा आठवडे टिकला. मग लक्षात आलं की तुम्ही ज्याच्यावर चिडलात तो माणूस मी नाहीच, कारण मी तुम्हाला खरं सांगितलेलंच नाही. जोनीलाही सांगितलं नव्हतं.

आज राणीचा राज्याभिषेक. मुलगी एलिश आणि तिचा नवरा मिरवणुकीला पीलला गेलेत. घरात मी आणि कुत्रा. तेव्हा आजच लिहितो, नाहीतर कधीच होणार नाही.

१८८९ साल. मी सात वर्षांचा, माझी बहीण वोरी पाच वर्षांची. वडिलांना वरच्या बांधाला दगड कमी पडले. शेजारी नको नको म्हणत असताना त्यांनी ओढ्याजवळच्या पहिल्या उंचवट्याची कड फोडून दोन गाड्या दगड काढले. मी बरोबर होतो. ढिगाऱ्यात मला एक पांढरा खडा सापडला. कबुतराच्या अंड्याएवढा, गुळगुळीत, समुद्रातून आल्यासारखा. डोंगरावर तसला दगड नसतो. मी तो खिशात घातला आणि घरी वोरीला दाखवला. तिला तो फारच आवडला.

चौथ्या दिवशी तिचा घसा धरला. घटसर्प. शेजारीण दारात उभी राहून आईला म्हणाली, “तुम्ही त्यांचं काही आणलंत. दिल्याशिवाय ती सोडणार नाहीत.” वडील रात्रीतून निम्मे दगड परत टाकून आले. मी मात्र बोललो नाही. मार बसेल म्हणून तो खडा तबेल्याच्या भिंतीत लपवला. वोरीला बोलता येत नव्हतं, पण ती हात पुढे करून बोटं अशी मिटायची आणि उघडायची. तिला खडा हवा होता. आई म्हणाली, काय मागतेय ती? मी म्हटलं, मला काय माहीत.

दोन दिवसांनी ती गेली.

तेव्हापासून मी वर गेलेलो नाही. मेंढरू तिकडे गेलं तर कुत्र्याला पाठवतो. खडा अजून तबेल्याच्या भिंतीत आहे. चौसष्ट वर्षं झाली. वाटतं, नांगर फिरेल, झाडं वाढतील, मग त्या बाजूला बघायलाच नको. लाज मला भाषेची वाटत नाही, बाई. त्या एका उत्तराची वाटते.

आता चिडायचं तर चिडा.

इलियम

*

आरीवरून
१५ जून १९५३

इलियम,

हे पत्र गुडघ्यावर पाटी ठेवून लिहितेय. अक्षर वाकडं आलं तर ब्लारगला बोल लावा, माझी गाय मघापासून माझी शाल चघळतेय.

आधी माझी माफी. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, ही माझी जन्माची खोड. मी नको ते बोलले.

आता जरा बाजूला सरा. मला तुमच्याशी बोलायचं नाही. मागे तो सात वर्षांचा पोरगा उभा आहे ना, त्याच्याशी बोलायचंय.

ये रे इकडे. बस. मी जिथे बसलेय ती आरी आहे, तू ज्याची कड फुटलेली पाहिलीस तसलीच. इथे कोण राहतं सांगू? मी राहते. माझ्याआधी माझी आई राहायची, तिच्याआधी तिची आई. आम्ही दूध काढतो, लोणी घुसळतो, ताजं चीज फडक्यात बांधून टांगतो, पोट दुखेस्तोवर हसतो, शेजारच्या आरीतल्या पोरींच्या चहाड्या करतो. कुणाचं लेकरू वर आलं तर त्याच्या तोंडात सायीचा चमचा घातल्याशिवाय त्याला सोडत नाही. तुझ्या डोंगरावरही अशाच पोरी होत्या. तुझ्याच रक्ताच्या. खड्यासाठी पाच वर्षांच्या लेकराचा गळा त्या धरतील? अरे वेड्या! वोरी वर गेली असती तर त्यांनी तिला मांडीवर घेतलं असतं. घटसर्पाने आमच्या गावात एका हिवाळ्यात नऊ पोरं नेली, आणि आमच्यातल्या कुणी कुणाचा दगड उचलला नव्हता. तू तिला मारलं नाहीस. तू घाबरलास. सात वर्षांचं पोर घाबरतंच.

झालं. जा आता, खेळ.

इलियम, आता तुम्ही ऐका. पांढरा, गुळगुळीत, अंड्याएवढा, समुद्रातला. तुम्हाला खरंच कळलं नाही? तो खेळायचा खडा आहे. आम्ही किनाऱ्यावरून पाच निवडून आणतो. एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचा दुसरा उचलायचा, मग दोन, मग तीन. गुरं चरत असताना दुसरं करायचं काय? ओट्याच्या डोक्याशी, बसल्या बसल्या हात पोचेल एवढ्या उंचीवर एक छोटा कोनाडा असतो, तो दुधाचा नाही, पोरींचा. त्यात खडे राहतात. तुमच्या वडिलांनी जिथे कड फोडली तिथेच बघा, मागच्या भिंतीत.

तुम्ही खरं सांगितलंत, तर मीही सांगते. ‘आम्ही हसतो, आम्ही चहाड्या करतो’ लिहिलं, ते खोटं आहे. या माळावर मी एकटी आहे. बाकीच्या तीन आरींना सहा वर्षं छप्पर नाही. माझे गुडघे गेलेत. इथवर यायला यंदा पूर्ण दिवस लागला, आणि मुलाने हात धरून आणलं. सप्टेंबरात ब्लारगला विकायचं ठरलंय. पुढच्या वर्षी इथून धूर निघणार नाही. म्हणून तुमच्या नांगरावर मी एवढी तुटून पडले. इथलं माझ्या हातून संपतंय ते मला थांबवता येत नाही, म्हणून तुमच्यावर राग काढला.

तुम्ही वर जा, एवढं माझं ऐका.

गॉर्मल

*

एरी ग्लास
३० जुलै १९५३

गॉर्मल,

गेलो. त्याआधी पाच आठवडे रोज सकाळी फावडं घेऊन दारात उभा राहायचो आणि परत ठेवायचो. एलिश म्हणाली, “बाबा, त्या फावड्याला फिरवून आणताय का?” मग तिला सगळं सांगितलं. तिने रस्सा गरम केला आणि म्हणाली, खाऊन जा.

खडा खिशात घेतला. दोन ओढ्यांपाशी पोचलो. थांबलो आणि मोठ्याने, आपल्या भाषेत म्हटलं, “मी कॉर्लेटांचा इलियम. आत येऊ का?” पोरी आहेत म्हणालात ना, मग विचारायला हवं. कुत्र्याने माझ्याकडे पाहिलं, पुढे गेला आणि उंचवट्यावर जाऊन आरामात लोळला. तो एवढा निवांत पाहून मला धीर आला.

वडिलांनी फोडलेली जागा गवताने भरली होती, पण खोलगट राहिली आहे. हळूहळू माती काढली. आधी काळी राख लागली, चांगली वीतभर. बोटांना लावली तर मऊ. मग चुलीचे दगड, आगीने लाल झालेले. मी तिथेच बसलो. गॉर्मल, माझ्या शेताच्या माथ्यावर कुणाचीतरी चूल होती, आणि मी जन्मभर खालून तिकडे पाठ करून चालत होतो.

पुढे दुपारपर्यंत खणलं. तुम्ही लिहिलंत ते ते पुढे येत गेलं, जणू तुम्ही इथे राहून गेलात. मागच्या भिंतीचा ओटा. त्याची कड झिजून गुळगुळीत झालेली, बसून बसून. त्यावर मी बसलो. गुडघे बरोबर चुलीकडे आले. मग मी तुमचं पत्र आठवून, न बघता, डावा हात मागे नेला. काही नाही, नुसता दगड. उजवा नेला. हात आत गेला.

मला वळून बघवेना. हात तसाच ठेवून किती वेळ बसलो कुणास ठाऊक. मग माती बाहेर ओढली आणि तिच्याबरोबर खडे आले. एक, दोन, तीन, चार. पांढरे. पाचवा माझ्या खिशात होता.

तळहातावर पाचही ठेवले. सारखेच, एकाच किनाऱ्यावरचे. इतकं शांत वाटलं आणि इतकं मोठं काहीतरी वाटलं की टोपी काढावीशी वाटली, काढली. किती वर्षांपूर्वीची ती पोर, तिचं नाव काय, कुणाला माहीत. पण संध्याकाळी दूध काढून ती इथे बसली असेल, तिने हात मागे नेला असेल. मी नेला तसाच. तिने पाच ठेवले होते, हाताला चारच लागले असं तिला होऊ नये म्हणून पाचवा त्यांच्यात मिसळला. मग रडलो. वोरीसाठी मी तेव्हा रडलो नव्हतो. रडलो तर विचारतील, ही भीती होती.

खेळूनही पाहिलं, हसू नका. एक उचलला. दुसरा नाकावर बसला.

पाचही कोनाड्यात परत ठेवून दगड लावला. जंगल खात्याला कळवलंय की मला विचार करायला वेळ हवा. ते म्हणाले, हॉलंटाइडपर्यंत. मी म्हटलं, वेळ आहे की भरपूर.

तुमच्या ब्लारगचं वाईट वाटलं. 

इलियम

*

नेस
२१ सप्टेंबर १९५३

इलियम,

ब्लारग मंगळवारी गेली. स्टॉर्नोवेजवळच्या एका भल्या माणसाने नेली. जाताना मागे वळून बघितलं नाही, मेली कृतघ्न. मी मात्र बघत राहिले.

यंदा शेवटची खेप म्हणून मी आरीवरच रेंगाळले होते, तुमचं पत्र तिथेच आलं. मुलगा घेऊन आला. मी ओट्यावर बसून वाचलं आणि तुमचा हात आत गेला तिथे माझाही हात आपोआप मागे गेला. एकटी नाही वाटलं. तुम्हाला सांगता यायचं नाही एवढं बरं वाटलं.

मग आम्ही छपराच्या काठ्या काढल्या. या वेळी पुन्हा लावायला नाही, पण तशाच आणायच्या असतात म्हणून आणल्या. माझ्या कोनाड्यातले खडे मात्र तिथेच आहेत. तेही चार आहेत, इलियम. पाचवा कुठे आहे सांगते.

१९२३ ला माझी किर्स्ती कॅनडाच्या जहाजावर चढली. आदल्या उन्हाळ्यात आरी मोडताना तिने एक खडा उचलून खिशात घातला. आमच्या घरात हे आईपासूनचं आहे: जी लांब जाते ती एक घेऊन जाते. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली तरी. उरलेल्यांनी चारांवर भागवायचं. आई म्हणायची, पाच असले तर खेळ होतो, चार असले तर आठवण होते. किर्स्तीचा खडा अजून तिच्या खिडकीत आहे. दर पत्रात लिहिते.

म्हणून सांगते, रागावू नका. तुम्ही पाचही परत ठेवलेत, ते मनापासून केलंत, पण ते बरोबर झालं नाही. तुमच्या घरातून एक पोर लांब गेली, पाच वर्षांची. तिला तिचा खडा कुणी दिला नाही. तिने तर मागितलाही होता.

गॉर्मल

*

एरी ग्लास
१२ नोव्हेंबर १९५३, हॉलंटाइड

गॉर्मल,

आज सकाळी जंगल खात्याचा स्मिथ कागद घेऊन आला. त्याला चहा दिला, एलिशने केलेला बॉनॅग पाव दिला, आणि सांगितलं की ओढ्यांच्या वरचा डोंगर द्यायचा नाही. जावयाचं तोंड जरा उतरलं, पण एलिशने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने दुसरा पाव घेतला. स्मिथ म्हणाला, तिथे आहे तरी काय? मी म्हटलं, एरी आहे. वर चल, दाखवतो. आला. ओट्यावर बसला. उठायचं नाव घेईना. शहरी बूट चिखलाने भरले होते. मग हळूच विचारलं, “इथे पुन्हा कुणी येणार आहे का?”

मी म्हटलं, मेअखेर.

तेव्हा हे तुम्हालाही सांगतो. दोन गाभण कालवडी मी राखून ठेवल्यात. पहिल्या उंचवट्यावर छप्पर घालीन. आमच्याकडे झाडं आहेत, काठ्यांची चिंता नाही. तुमच्याकडचा धूर थांबला, इकडे पेटवतो. पण दुधावर साय कशी धरू द्यायची, चीज कसं बांधायचं, कोणत्या दाराने वारा आला की कोणतं दार लावायचं, हे मला माहीत नाही आणि कुत्र्यालाही नाही. पील बंदरावर एलिश गाडी घेऊन येईल. गुडघ्यांचं बोलू नका, खेचरावर बसवून वर नेईन. मोसमभर राहायचं. सांगायला कुणीतरी हवं.

आणि आता तुम्ही जे लिहिलंत ते.

तुमचं पत्र येऊन चार दिवस झाले. मग वर गेलो, कोनाड्याचा दगड काढला आणि एक खडा घेतला. कोणता माझा ते ओळखता येत नव्हतं, सगळेच सारखे. पहिला हाताला लागला तो घेतला. चर्चच्या आवारात वोरीची जागा आई-वडिलांच्या पायाशी आहे. वर साधा स्लेटचा तुकडा आहे, अक्षरं गेलीत. आई-वडिलांना पोचवायला आलो तेवढं सोडलं तर मी चौसष्ट वर्षं त्या भिंतीपलीकडून जात होतो.

गुडघ्यावर बसलो. मातीत बोटाने खळगा केला, तिच्या हाताशी असेल अशा जागी. खडा ठेवला आणि माती ओढली. आपल्याच भाषेत बोललो. तिला दुसरी येतच नव्हती. म्हटलं, “हा घे, वोरी. माझ्याकडेच होता.”

इलियम